डिशमधली चरबी कोणाची?

हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आज सुरुवात माझ्या स्वतःच्या रिपोर्टपासून.

मागच्या वर्षी ऑफिसमध्ये हेल्थ चेकअप होतं. फुकट होतं आणि नंतर पोहे मिळणार होते, म्हणून गेले. माझी उंची पाच फूट चार इंच, वजन ५४ किलो, बीएमआय वीसच्या जरासा वर. म्हणजे नातेवाईक लग्नात भेटले की "अगं खात जा जरा" म्हणतात, त्या कॅटेगरीतली मी. चार दिवसांनी रिपोर्ट आला. एचबीएवनसी ५.९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सरासरी किती होती हे या चाचणीतून कळतं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस. डायबिटीस नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर.

मला धक्का बसला असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर तेवढा बसला नाही. कारण माझे बाबा. बाबांना चव्वेचाळिसाव्या वर्षी डायबिटीस निघाला. तेव्हाही बाबा काडीसारखे होते आणि आजही आहेत. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, शुगर म्हणजे ढेरपोट्या माणसांचा आजार. आमच्याकडे उलटंच. शेजारचे काका शंभर किलोचे, त्यांची साखर नॉर्मल, आणि दिवाळीत ते आमच्या बाबांसमोर करंज्या खायचे.

तर प्रश्न असा की बारीक माणसाला हा आजार का होतो? मी शोधायला लागले आणि एका अगदी वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचले. चरबीची पेशी मुळात तयार कशी होते, तिथे. आणि ते बघायला शास्त्रज्ञ कोणाच्या पेशी वापरतात, तिथे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं चरबी वाईट. पण चरबीची पेशी म्हणजे मुळात कोठार. जास्तीची ऊर्जा ती तेलाच्या थेंबाच्या रूपात सांभाळून ठेवते आणि गरज लागली की परत देते. गोची कधी होते? कोठार भरलं आणि नवीन कोठार बांधता आलं नाही की! मग तीच चरबी लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, जिथे जागा नाही तिथे जाऊन बसते, आणि तिथे इन्सुलिनचं काम बिघडवते.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे लिपोडिस्ट्रॉफी नावाचे दुर्मीळ आजार. त्यातल्या काही रुग्णांच्या अंगात जन्मापासून चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात. बाहेरून बघाल तर जिममध्ये जाणाऱ्या मुलासारखं पिळदार शरीर दिसतं. आणि साखर? फार वाईट. फॅटी लिव्हरही असतं. म्हणजे चरबीला ठेवायला घर नसलं की ती बेघर होऊन सगळीकडे फिरते.

दुसरा पुरावा बऱ्याच घरांत गोळ्यांच्या डब्यातच असतो. पायोग्लिटाझोन. ही गोळी घेऊन बऱ्याच जणांचं वजन थोडं वाढतं, आणि तरीही साखर सुधारते. ऐकायला विचित्र वाटतं ना? ही गोळी पीपीएआर-गॅमा नावाच्या प्रथिनाला चालू करते. ब्रूस स्पिगलमन यांच्या लॅबने १९९४मध्ये दाखवलं, की साध्या जोडऊतीच्या पेशीत हे प्रथिन घातलं आणि चालू केलं, तर ती पेशी चरबीची पेशी व्हायला लागते. म्हणजे मेन स्विचच. (गोळीबद्दल मी सल्ला देत नाहीये हं. तिला स्वतःचे साइड इफेक्ट आहेत. ते तुमच्या डॉक्टरांशी बोला.)

आणि हे नवीन पेशी बनणं फक्त लहानपणी होतं असंही नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००८मध्ये एक भन्नाट गोष्ट केली. १९५० आणि ६०च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि नंतर तो हळूहळू कमी होत गेला. तो कार्बन पेशींच्या डीएनएत जाऊन बसतो, म्हणजे पेशीवर तारखेचा शिक्काच! तो शिक्का वाचून त्यांना कळलं, की मोठ्या माणसांत चरबीपेशींची एकूण संख्या साधारण तेवढीच राहते, पण दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे तुम्ही हे ऐकताय तेव्हाही तुमच्या कातडीखाली नव्या चरबीपेशी घडतायत.

मग ते घडताना बघायचं कसं? जिवंत माणसाच्या पोटात कॅमेरा घालून चौदा दिवस बसता येत नाही. पक्व झालेली चरबीपेशी बाहेर काढून वाढवू म्हटलं तर ती साधारणपणे विभागत नाही, आणि तेलाने भरलेली असल्याने चक्क तरंगते. डिशच्या तळाला चिकटतच नाही. म्हणून चरबीपेशी व्हायच्या आधीची पेशी धरावी लागते, प्रीॲडिपोसाइट. मराठीत आपण तिला 'होऊ घातलेली चरबीपेशी' म्हणू. ती दिसायला लांबट, साधी, अजिबात आकर्षक नाही. तिला डिशमध्ये वाढवायचं आणि मग "आता हो चरबी" असा रासायनिक निरोप द्यायचा. याला म्हणतात सेल मॉडेल.

मी बॅकएंडवर काम करते, त्यामुळे 'मॉडेल' म्हटलं की माझ्या डोक्यात स्टेजिंग सर्व्हर येतो. खऱ्या सिस्टीमसारखा, पण खरा नाही. तिथे सगळं छान चालतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकलं की फोन वाजायला लागतात.

चरबीच्या अभ्यासातला सगळ्यात जुना स्टेजिंग सर्व्हर म्हणजे उंदराच्या पेशी. नाव ३टी३-एल१. नाव पासवर्डसारखं वाटतं, पण अर्थ साधा आहे. १९६३मध्ये जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या भ्रूणातून पेशी वाढवल्या. दर ३ दिवसांनी त्या नव्या डिशमध्ये हलवायच्या आणि दर डिशला ३ लाख पेशी घालायच्या, म्हणून ३टी३. पुढे ग्रीन यांच्या लक्षात आलं, की गर्दी झालेल्या, थांबलेल्या डिशमध्ये काही पेशी तेल साठवायला लागल्यात. दुसरा कोणी असता तर "डिश खराब झाली" म्हणून फेकून दिली असती. त्यांनी त्याच पेशी वेगळ्या काढून वाढवल्या आणि १९७४मध्ये जगाला दाखवल्या. (हेच ग्रीन नंतर भाजलेल्या रुग्णांसाठी लॅबमध्ये त्वचा वाढवायला लागले.)

चरबीपेशी कशी घडते याबद्दल पुस्तकांत जे छापलंय, त्यातलं बरंचसं या उंदराच्या पेशींमधून आलंय. आणि इथेच गंमत आहे. ३टी३-एल१ला निरोप दिला की ती आधी एक-दोनदा विभागते आणि मग चरबी होते. बरीच वर्षं समजूत अशी होती की ही पायरी लागतेच. पण माणसाच्या पेशींवर करून बघितलं तर त्या न विभागताच चरबी होऊ शकल्या. म्हणजे स्टेजिंगमध्ये जी पायरी अनिवार्य होती, ती प्रॉडक्शनमध्ये नव्हतीच! उंदीर वाईट आहे असं मी म्हणत नाही. उंदराने खूप काही शिकवलं. पण माणसाचं काही ठरवायचं तर कधीतरी माणसाच्या पेशीकडे यावंच लागतं.

माझी शाळेतली मैत्रीण एका लॅबमध्ये पीएचडी करते, याच विषयात. एका रविवारी मी तिला सिनेमाला चल म्हटलं तर म्हणाली, "अगं, मला पेशींना खायला घालायला जायचंय, तूच ये." गेले. लॅब म्हणजे काहीतरी चकचकीत असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात फ्रिजवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या, "माझा मीडिया कोणी वापरला?" असली भांडणं, आणि माझ्या ऑफिसपेक्षा वाईट खुर्च्या.

तिने मला मायक्रोस्कोपमधून दोन डिश दाखवल्या. पहिली निरोप देण्याआधीची. नुसत्या लांब लांब, एका दिशेला लोळलेल्या पेशी, वाऱ्याने आडव्या झालेल्या गवतासारख्या. दुसरी बाराव्या दिवसाची. आणि खरंच, मी "आई गं" म्हणाले. पेशी गोल झालेल्या आणि प्रत्येकीत चमकणारे थेंबच थेंब. मिसळीवर तर्री तरंगते ना, तिचे छोटे छोटे डोळे दिसतात, अगदी तसं. फक्त हे तेल कुणी वरून ओतलेलं नाही, पेशीने स्वतः बनवलेलं. मैत्रीण म्हणाली, हळू धर, या वेळी जरा धसमुसळेपणा केला की पेशी तळापासून सुटतात आणि दोन आठवडे पाण्यात.

निरोप म्हणजे नेमकं काय देता, असं मी विचारलं. इन्सुलिन. डेक्सामेथासोन, म्हणजे कोविडमध्ये सगळ्यांना नाव माहीत झालेलं स्टेरॉइड. आयबीएमएक्स नावाचं रसायन, जे कॉफीतल्या कॅफिनचं चुलत भावंड आहे. आणि रोझिग्लिटाझोन, तो पीपीएआर-गॅमाचा स्विच दाबायला. हे रोझिग्लिटाझोन डायबिटीसचं औषध होतं. हृदयाला धोका असल्याच्या शंकेमुळे २०१०मध्ये भारतात त्याची विक्री थांबवली. दुकानातून गेलं, लॅबच्या फ्रिजमध्ये राहिलं. या मिश्रणातले काही घटक पहिले चार दिवस द्यायचे, मग काढून घ्यायचे आणि उरलेल्यांवर पेशी वाढू द्यायच्या.

"आणि या पेशी कोणाच्या?" मी सहज विचारलं.

ती म्हणाली, "एका बाळाच्या."

या पेशींना एसजीबीएस म्हणतात. सिम्पसन-गोलाबी-बेमेल सिंड्रोम या नावाची ती आद्याक्षरं आहेत. दुर्मीळ जनुकीय आजार आहे. त्यात बाळ जन्माआधीपासूनच प्रमाणाबाहेर वाढतं, आणि एक्स गुणसूत्रावरचा असल्याने मुख्यतः मुलांना होतो. जर्मनीतल्या उल्म इथले डॉक्टर मार्टिन वाबिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या एका बाळाच्या कातडीखालच्या चरबीतून या पेशी वाढवल्या आणि २००१मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. जगभरातल्या लॅब तेव्हापासून त्या वापरतायत.

त्यांचं वेगळेपण काय? एखाद्या माणसाच्या चरबीतून घेतलेल्या साध्या प्रीॲडिपोसाइट काही वेळा विभागल्या की थकतात. वाढतात, पण चरबी व्हायचं विसरतात. त्यांना अमर करायचं तर बाहेरून विषाणूची वगैरे जनुकं घालावी लागतात, आणि मग ती पेशी मूळची राहिली का हा प्रश्न येतो. एसजीबीएसमध्ये असलं काही घातलेलं नाही. तरीसुद्धा सुमारे ५० पिढ्यांपर्यंत त्या चरबीपेशी होऊ शकतात. तेही सीरमशिवाय, म्हणजे प्राण्याच्या रक्तातला द्रव न घालता. त्यामुळे डिशमध्ये नेमकं काय काय आहे हे तुम्हाला माहीत असतं. प्रयोग करणाऱ्याला याची किंमत कळते. ज्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणीतरी गुपचूप ओळी घालतं, तिच्यावर डिबगिंग करून बघा कधी.

पण ५० म्हणजे अनंत नाही. मैत्रिणीच्या नायट्रोजनच्या टाकीत ज्या कुप्या आहेत, त्यांच्यावर पिढीचा आकडा लिहिलेला असतो आणि ती तो वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा जपते.

त्या रात्री मी घरी येऊन बराच वेळ या एकाच गोष्टीचा विचार करत होते. जगात हजारो डिशमध्ये, इन्सुलिनच्या, लठ्ठपणाच्या, औषधांच्या कितीतरी प्रयोगांत 'मानवी चरबीपेशी' म्हणून जी लिहिली जाते, ती एका बाळाची आहे. एक मुलगा, एक जनुकीय आजार, वय तीन महिने. या पेशी उत्तम आहेत, यात वादच नाही. पण त्यांचं वागणं माझ्या बाबांच्या पोटाबद्दल किती सांगेल?

याचं एक उदाहरण मला खूप आवडलं. चरबी दोन रंगांची असते. पांढरी साठवते, तपकिरी जाळून उष्णता बनवते, आणि तान्ह्या बाळांमध्ये तपकिरी भरपूर असते. एसजीबीएस पेशींना चौदा दिवस वाढवून बघितलं, तर त्यांच्यात तपकिरी चरबीच्या खुणा दिसतात. यूसीपी-१ नावाचं प्रथिन, जे उष्णता बनवतं, ते वाढलेलं असतं. त्याच पेशी अठ्ठावीस दिवसांपर्यंत ठेवल्या तर त्या खुणा ओसरतात आणि पेशी पांढरी दिसायला लागते. म्हणजे तुम्ही चौदाव्या दिवशी प्रयोग थांबवला की अठ्ठाविसाव्या, यावर तुम्ही कोणत्या चरबीबद्दल लिहिताय हेच बदलतं! शिवाय डिशमधल्या पेशीत बरेच छोटे थेंब असतात, आणि आपल्या पोटातल्या पक्व पांढऱ्या पेशीत एकच मोठा थेंब, बाकी सगळं कडेला ढकललेलं. म्हणून आता काही जण पेशींचे छोटे गोळे करून, तीन मितींमध्ये वाढवतात.

मग दुसरा रस्ता असा की थेट वेगवेगळ्या माणसांच्या पेशी घ्या. याची रीत जुनी आहे. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४मध्ये उंदराच्या चरबीवर कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम वापरून ती सुटी करून दाखवली. (त्यांना पुढे १९९४मध्ये नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी.) चरबीचा तुकडा बारीक चिरायचा, एन्झाइममध्ये ठेवायचा, मग फिरवायचा. तेलकट पक्व पेशी वर तरंगतात, साय आल्यासारख्या. तळाला जो गाळ बसतो, त्यात होऊ घातलेल्या पेशी असतात. साय बाजूला आणि गाळ कामाचा, असा उलटा हिशोब.

पण ही चरबी येते कुठून? ऑपरेशनमधून. लायपोसक्शन, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया, पोटाची इतर ऑपरेशनं. आता विचार करा. लायपोसक्शन कोण करून घेतं? बॅरिॲट्रिक सर्जरी कोणाची होते? ज्यांच्याकडे चरबी आहे त्यांची. बारीक आणि डायबिटीस असलेला माणूस या दारातून आतच येत नाही. आमच्याकडे याला सॅम्पलिंग बायस म्हणतात. ॲपचा फीडबॅक फॉर्म फक्त ॲपमध्येच ठेवला, तर ज्याचं ॲप उघडतच नाही त्याची तक्रार तुम्हाला कधी कळणार?

आणि आपल्याकडे तोच माणूस महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमधल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान. पण पाठीवरची चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. स्नायू कमी, चरबी राखलेली. यालाच 'थिन-फॅट' बाळ म्हणतात. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तो फोटो मी बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "मी म्हणजे तो दुसरा."

दक्षिण आशियाई लोकांच्या कातडीखालच्या चरबीपेशी आकाराने मोठ्या असतात, असंही काही अभ्यासांत दिसलंय. त्यातून एक शक्यता मांडली जाते, की आपल्याकडे नवी कोठारं पुरेशी बांधली जात नाहीत. आहेत तीच फुगतात आणि मग ओसंडतात. हे तपासायचं तर अशा माणसाची होऊ घातलेली पेशी डिशमध्ये घालून, निरोप देऊन बघावं लागेल की ती चरबी होते का, किती होते, कधी थांबते.

आता बाबांकडे येते. बाबांना बरेच दिवस हर्नियाचा त्रास होता आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. मी जेवताना सहज मैत्रिणीच्या लॅबबद्दल बोलत होते. बाबा शाळेत क्लार्क होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची प्रक्रिया काय आहे हे त्यांना आधी हवं असतं. म्हणाले, "माझं पोट कापणारच आहेत ना? मग थोडी चरबी घेतील का?"

मला हसू आलं, पण मैत्रिणीला विचारलं. ती अजिबात हसली नाही. म्हणाली, बारीक आणि डायबिटीस असलेला दाता आम्हाला फार क्वचित मिळतो. पण मी काकांना विचारू शकत नाही, आणि तूही आग्रह करायचा नाहीस. समितीची परवानगी घेतलेल्या यादीत त्यांचं हॉस्पिटल आहे, तर तिथले डॉक्टरच विचारतील. ते नाही म्हणाले तर उपचारात काही फरक पडणार नाही. नाव कुठेही जाणार नाही, फक्त नंबर.

डॉक्टरांनी विचारलं. मराठीत छापलेला चार पानी संमतीपत्राचा फॉर्म दिला. बाबांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. चष्मा लावून, लाल पेनाने दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. आईने विचारलं, एवढं काय वाचताय, सही करून टाका. तर म्हणाले, "यात लिहिलंय की पेशी साठवून पुढच्या अभ्यासालाही वापरू शकतात. म्हणजे माझ्यानंतरही. ते वाचायला नको?" मग मला विचारलं, "त्या बाळाच्या वेळी सही कोणी केली असेल?"

मी म्हटलं, "आईवडिलांनीच केली असणार, बाबा."

"हं," म्हणाले, आणि तिसरं पान उलटलं.

सही केलीये त्यांनी. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी, सकाळी नऊला. वाटाण्याच्या दोन-चार दाण्यांएवढी चरबी, निर्जंतुक डबीत, आणि तीही जखम शिवायच्या आधी जमलं तरच. मैत्रीण खाली थांबणार आहे, कारण डबी हातात आल्यापासून काही तासांत काम सुरू करावं लागतं. पेशी चिकटल्या तर दोन आठवड्यांनी त्यांना निरोप दिला जाईल. कोणत्या नंबरची डिश बाबांची, हे मैत्रिणीलाही माहीत नसणार, आणि मला तर नाहीच.

बाबांनी फक्त एक विचारलंय, की डिशमधल्या पेशींना साखर घालतात का. घालतात, बाबा. भरपूर.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरात असे काडीसारखे शुगरवाले कोणी असतील, तर व्हॉइस नोट पाठवा.